ठीक हाय म्हनायचं न्हाई

आमच्या जिनिंगची मिटिंग आता मोबाइलवर होते. नवा मॅनेजर सकाळी आठच्या आत काहीतरी लिहून टाकतो आणि खालून सगळे अंगठा पाठवतात. आमच्या वेळी अंगठा देणारा म्हणजे अडाणी. मी चौथीतून उठलेला माणूस, पण सही करायचो, अंगठा कधी दिला नाही. आता शिकलेली माणसं सकाळ-सकाळ अंगठा देतात आणि म्हणतात, मिटिंग झाली.

परवा ते अंगठे बघितले आणि गुणवंतराव आठवला. आठवला म्हणजे काय, तो डोक्यातून गेलाच नव्हता. त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. लिहिता लिहिता कौतुक झालंच, तर ते माझ्या मनाविरुद्ध झालं असं समजा.

वडवणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमची जिनिंग. कापूस आत जातो, सरकी एकीकडं पडते, रुई एकीकडं, आणि रुईच्या गाठी बांधून ट्रकमध्ये चढतात. तिथल्या मशिनी मी तीस वर्षं सांभाळल्या. कोणती मशीन थंडीत कुरकुरते, कोणत्या पट्ट्याला दुपारी ढील येते, सगळं माझ्या कानात. बाहेरून इंजिनियर यायचे, मशिनीभोवती फेऱ्या मारायचे. मी डोळे मिटून ऐकायचो आणि सांगायचो, तिसऱ्याचा रोलर घासायलाय. उघडून बघितलं की तेच निघायचं.

मशिनींच्या मागं माझी एक लाकडाची पेटी होती. पान्यांची. मी तिच्यावर बसायचो. काही अडलं की माणूस त्या पेटीपाशी यायचा. शेठसुद्धा यायचे. "मिस्त्री, काय करावं?" एवढे तीन शब्द ऐकायला मी तीस वर्षं रोज आंघोळ करून कामावर गेलो.

मग गुणवंतराव आला. चकलांब्याकडचा. आधी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, शेठनं माणसांवर देखरेखीला आणला. अंगानं काटकुळा, कान मोठे, डाव्या खांद्यावर पिवळ्या फडक्याची दस्ती. चहा आला की बशीत ओतून आधी समोरच्याला द्यायचा आणि स्वतः कपातला उरलेला प्यायचा. कुणी "साहेब" म्हणलं की मागं वळून बघायचा, कुठला साहेब आला म्हणून. आणि एक खोड फार वाईट. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं असा बघायचा, जशी बाजारात बैलाची दातं बघतात. बोलणारा मधेच थांबला तरी हा बघतच राहायचा. मग तो माणूस आणखी चार गोष्टी सांगून मोकळा व्हायचा. मला ते लई खटकायचं. माझ्यापाशी माणसं विचारायला यायची, ह्याच्यापाशी सांगायला जायला लागली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं हुकूम सोडला. उद्यापासून सकाळी आठला, मशिनी सुरू व्हायच्या आधी, वजनकाट्यापाशी मिटिंग. उभ्यानं. चहा मिटिंगनंतर.

कापसातला कचरा वेचणारी कलावती लिंबागणेशची. जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मिटिंग म्हंजी काय वं मुकादम? तोंड मिटायचं का?"

सगळे हसले. गुणवंतराव पण हसला. "न्हाई कलावतीबाई. मिटिंग म्हंजी तोंड उघडायचं. डोळे तर तुमचे उघडेच असतेत."

"काय बोलायचं मग?"

"काल काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, ते. एकच गोष्ट म्हनायची न्हाई. 'ठीक हाय' म्हनायचं न्हाई."

"आन खरंच ठीक असलं तर?"

"तर म्हनायचं, मी बघितलं न्हाई."

मी घसा साफ करून पुढं झालो. पंचाईत असो का सोयरीक, कुठल्याही बैठकीत थोरला माणूस आधी बोलतो. ही आपली रीत. गुणवंतरावानं हात आडवा केला.

"मिस्त्री, तुमी शेवटून दुसरे. शेवटी मी."

"कावून?"

"तुमी बोलल्यावर दुसऱ्याच्या तोंडातून काय निघंल का? सगळे म्हनतील, मिस्त्री म्हनतेत तसंच हाय."

बोलला तो माझ्या मानाचंच, पण कानाखाली बसल्यासारखं झालं. तीस वर्षांचा मिस्त्री, आणि झाडूवालीच्या, हमालांच्या, सरकी भरणाऱ्यांच्या मागं नंबर लावून उभा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणलो, "मशिनी मी बघतो. त्येच्यात मिटिंगमंदी सांगन्यासारखं काय नसतं." तो "बरं" म्हणाला, तेवढंच.

त्याची दुसरी एक रीत होती. मिटिंगमध्ये कुणी काही अडचण सांगितली आणि ती तिथंच सुटली नाही की तो दस्तीच्या टोकाला एक गाठ मारायचा. काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ज्याची अडचण त्याच्यासमोर उभा राहून गाठ सोडायचा. लिहून काही ठेवायचा नाही. हमाल मजेत म्हणायचे, जिनिंगमध्ये दोन जागी गाठी बनतात, एक प्रेसवर आणि एक मुकादमाच्या खांद्यावर. मी म्हणायचो, माणूस विसरभोळा आहे. मनात मात्र मोजायचो, आज किती गाठी. माझ्या नावाची एकही नसायची, कारण मी काही सांगतच नव्हतो. आणि तेही मला सहन व्हायचं नाही.

त्याच आठवड्यात दोन मशिनींचे रोलर खरवडले. मी शेठना सांगितलं, रोलरला लागून बसवतात त्या सुऱ्या खराब आल्यात, कंपनीला परत पाठवा. तीस वर्षांत माझा शब्द खाली पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये कलावती म्हणाली, "मला मशिनीतलं काय कळत न्हाई. पर परवा त्या हिरव्या ट्रॅक्टरच्या ढिगात माझ्या बोटाला खडे लागायलते. दोन तर माज्या वटीतच हायती." आणि तिनं ओटीतून दोन खडे काढून वजनकाट्यावर ठेवले.

"तवाच कावून बोलली न्हाईस गं बाई?" मी डाफरलो.

"कुनाला बोलू? तुमच्या पेटीपाशी आले तर तुमी म्हनता, झाडू मार जा."

तो ढीग उपसला. खडे तर निघालेच, एक लोखंडी नटही निघाला. असा नट मशिनीत गेला तर ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी म्हणजे काय ते जिनिंगवाल्याला सांगायला नको. सुऱ्या चांगल्याच होत्या. शेठनी कलावतीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. गुणवंतरावानं तिच्या खड्यांसाठी मारलेली गाठ सोडली आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडायला सबब मिळाली असती.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. आमची सुभद्रा म्हणाली, "पोटात दुखतंय का?"

"व्हय."

"म्हाईत हाय मला कशानं दुखायलंय. त्या चकलांब्याच्या मुकादमाचं चांगलं चाललंय म्हनून दुखायलंय. त्येच्यावर ओवा चालत न्हाई."

बायको असं बोलल्यावर माणूस सुधारतो म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी मिटिंगलाच गेलो नाही. आठ वाजता ग्रीसचा डबा घेऊन सात नंबरच्या मशिनीखाली शिरलो. म्हणलं, बघू मिस्त्रीशिवाय कशी होते मिटिंग.

थोड्या वेळानं मला पाय दिसायला लागले. हमालांचे पाय, कलावतीचे जोडवी घातलेले पाय, सरकीवाल्यांचे, आणि शेवटी गुणवंतरावाच्या टायरच्या चपला. सगळी मिटिंग उचलून त्यानं माझ्या मशिनीपाशी आणली होती. मी खाली उताणा, आणि वरती एकेकजण सांगतोय. कुणाला शिडीची पायरी हलताना दिसली, कुणाला प्रेसच्या तेलाचा वास वेगळा आला. सगळ्यांचं झालं. मी ग्रीस चोपडत राहिलो. ते उभेच.

कलावती म्हणाली, "मुकादम, जाऊ द्या की, चहा निवायलाय."

"मिस्त्रीचं राहिलंय," गुणवंतराव म्हणाला.

एवढ्या लोकांना पायावर उभं ठेवून मी किती वेळ खाली पडणार? शेवटी ओरडलो, "दोन नंबरचा पट्टा बदलावा लागतोय!" वरून आवाज आला, "बरं." आणि पाय गेले. पट्टा दुपारच्या आत आला. एरवी मला नव्या पट्ट्यासाठी शेठच्या मागं आठ दिवस फिरावं लागायचं. त्याचाही मला राग आला. आता बोला.

एकदा चहाच्या वेळी मी त्याला टोचून विचारलं, "गुणवंतराव, ही मिटिंगची हुक्की कुठून आनली? उसाच्या फडात साहेब लोक येत होते का शिकवायला?"

तो बशीत चहा ओतत होता. ती त्यानं माझ्याकडं सरकवली. "फडातच शिकलो मिस्त्री. माझा धाकला भाऊ माझ्याच टोळीत होता. त्येच्या गाडीच्या चाकाला चीर गेलती. भावजयीनं बघितली होती, दोन दिस आधी."

"मग?"

"मी मुकादम, वर तिचा थोरला दीर. माझ्यापुढं ती पदर घेऊन उभी राहायची, बोलायची कशी? मी सकाळी निघताना सगळ्यांना इचारायचो, ठीक हाय का? सगळे म्हनायचे, ठीक हाय. उसानं भरलेली गाडी उतारावर बसली. भाऊ खाली होता." त्यानं कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "नंतर ती म्हनली, मला कुनी इचारलंच न्हाई. खरं होतं तिचं. सगळ्यांना इचारलं म्हंजी तिला इचारलं, असं होत न्हाई."

माझ्या बशीतल्या चहावर साय धरली. त्याला काहीतरी बोलावं असं वाटलं, पण मी उठून पान्यांची पेटी पुसायला लागलो. त्या दिवशी मला त्याचा हेवा नाही वाटला. एक दिवस.

पौषात सात नंबर बोलायला लागली. सकाळी सुरू करताना बारीक किर्र आवाज, चारदोन मिनिटांनी बंद. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. उजवीकडची बेअरिंग. मला कळलं, आणि खरं लिहायचं तर मी खुश झालो. हे कलावतीच्या ओटीतले खडे नव्हते. हे फक्त माझ्या कानाचं काम होतं.

मी ठरवलं, मिटिंगमध्ये सांगायचं नाही. एकदोन दिवसांत मशीन आपोआप अडकेल, बंद पडेल. सगळे पळत पेटीपाशी येतील. "मिस्त्री, काय करावं?" मग मी उठेन, सावकाश, पाना निवडून घेईन. मुकादमाला दस्ती घेऊन बाजूला उभं राहावं लागेल.

पहिल्या दिवशी माझी पाळी आली, मी पट्ट्याचं काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा पट्ट्याचं पण सुचेना.

"मिस्त्री?"

"काय न्हाई. ठीक हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो शब्द त्या काट्यापाशी कुणी उच्चारत नव्हतं. गुणवंतराव माझ्या तोंडाकडं बघत राहिला, त्याच्या खोडीप्रमाणं. मी तोंड मिटून ठेवलं. त्यानं खांद्यावरची दस्ती घेतली, टोकाला एक गाठ मारली आणि म्हणाला, "चला, चहा घ्या."

दुपारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत सात नंबर पेटली. बंद पडली नाही, पेटली. बेअरिंग तापून लाल झाली आणि शेजारच्या रुईनं धूर धरला. मी पेटीवर बसून हाका येण्याची वाट बघत होतो. हाक आली ती कलावतीची, आणि ती मला नव्हती. "आग! आग लागली!" मी मेन स्विच पाडला तोवर ती दोन्ही हातांनी जळती रुई ओढून बाहेर फेकत होती. गुणवंतरावानं तिला मागं खेचलं आणि वाळूच्या बादल्या ओतल्या. हमाल धावले. आग मागच्या ढिगापर्यंत गेली नाही. गेली असती तर जिनिंग राहिली नसती. कलावतीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात नेताना ती माझ्याजवळून गेली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या मशिनीला काय झालं वं एकाएकी?"

एकाएकी. तो शब्द अजून माझ्या कानात आहे, आणि माझ्या कानातलं काही जात नाही.

रात्रभर मी ठरवत होतो, उद्या मिटिंगमध्ये मुकादमानं माझं नाव घेतलं तर काय बोलायचं. मी भांडायची सगळी तयारी करून गेलो. काट्यापाशी एकेकजण बोलला. कलावतीची जागा मोकळी होती, तिथं कुणी उभं राहिलं नव्हतं. माझी पाळी आली. मी खाली बघितलं. माझ्यानंतर तो.

"चूक माझी हाय," गुणवंतराव म्हणाला. "मिस्त्री काल 'ठीक हाय' म्हनले. तो शब्द ह्या जागी चालत न्हाई, हे मीच ठरवलं. मी दुसऱ्यांदा इचारायला पायजे होतं. न्हाई इचारलं. मला वाटलं, थोरल्या मानसाला चारचौघांत कसं टोकावं. शेठना मी सांगून आलोय, चूक माझी."

लोक म्हणाले, केवढ्या मनाचा माणूस. म्हणोत. तीस वर्षांत माझ्या हातून एकच मोठी चूक झाली, आणि ती चूकसुद्धा त्यानं माझी राहू दिली नाही. मला तिथंच ओरडून सांगायचं होतं, चूक माझी आहे, आवाज मला आलता, दोन दिवस आलता! मी चहाच्या किटलीकडं वळलो. सगळ्यांनी चहा घेतला.

कलावती महिन्यानं कामावर आली. हातावर कातडी आक्रसलेली. मी तिला म्हणलो, "बाई, तू बसून वेच, मी कचऱ्याचा डबा उचलून देतो." ती म्हणाली, "आज सूर्य कुनीकडून उगवला?" तेवढंच झालं आमच्यात.

गुणवंतरावाला पुढं दोन हंगामांत दमा जडला. रुईची धूळ छातीत बसते, आमच्या धंद्याचं ते बक्षीस आहे. डॉक्टर म्हणाले, जिनिंग सोडा. शेवटच्या मिटिंगला त्यानं दस्तीच्या गाठी एकेक करून सोडल्या. शिडीची सोडली, दिव्याची सोडली, बायकांसाठी आडोशाची खोली बांधून झाली ती सोडली. एक राहिली. काळी पडलेली, ग्रीस लागलेली, जुनी.

"ही कुनाची वं?" कलावतीनं विचारलं.

"हाय एकाची," तो म्हणाला. आणि दस्ती खांद्यावर टाकली.

त्या दिवशी मी वडवणीला ग्रीस आणायला गेलतो. ग्रीसचे दोन डबे पेटीत भरलेले होते, तरी गेलतो. स्टँडवर तो गेवराईच्या गाडीची वाट बघत बसला होता, पायापाशी पत्र्याची पेटी. मी शेजारी बसलो. त्यानं चहा सांगितला, बशीत ओतून मला दिला. मग माझ्या तोंडाकडं बघायला लागला. दम लागत होता तरी बघत होता.

गाडी लागली. तो उठला. मी बसल्या जागेवरून बोललो, रस्त्याकडं बघत.

"सात नंबरचा आवाज मला ऐकू आलता. दोन दिस आधी."

त्यानं पेटी खाली ठेवली. खांद्यावरची दस्ती काढली आणि ते टोक माझ्या हातात दिलं. सोडा, असं मानेनं दाखवलं.

जाम झालेला नट ह्या बोटांपुढं कधी टिकला नाही. ती गाठ सुटेना. ग्रीस वाळून तिचा दगड झाला होता. मी नखं लावली, दात लावला. कंडक्टर ओरडला, "ओ मामा, यायचं का ऱ्हायचं?" लोक आमच्याकडं बघायलते, दोन म्हातारे एका फडक्याला ओढायलेत म्हणून. गुणवंतरावानं कंडक्टरची घंटी ऐकली, पेटी उचलली आणि दस्तीचं आपल्याकडचं टोक सोडून दिलं.

तो खिडकीशी बसला. डावा खांदा मोकळा. इतक्या वर्षांत तो खांदा मी पहिल्यांदा उघडा बघितला. सदऱ्याचा रंग तिथं नवाकोरा होता. मला वाटलं, आता तो बोलेल. मिटिंगमध्ये माझ्यानंतर शेवटी तोच बोलायचा, रीतच होती ती. मी खिडकीखाली उभा राहिलो. गाडी हलली, वळली, गेवराईच्या रस्त्याला लागली. तो काही बोलला नाही.